दोन धारा बघितल्याशिवाय

लासुर्ण्याच्या आसपास कुणाला दुभती गाय घ्यायची असली, तर माणूस आधी बाजार धुंडाळत नाही. कालव्याच्या कडेनं मोटारसायकल घालतो आणि कुशाबाईच्या वस्तीवर येऊन उभा राहतो. "ताई, एक गाय बघून ठेवलीय. जरा नजर टाका की."

कुशाबाई लगेच हो म्हणत नाही. गव्हाणीत कुट्टी टाकत असली, तर ती टाकून होऊ देते. वय पन्नाशीच्या अलीकडं, साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवलेला, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. हात धुऊन ती आलेल्या माणसाला पाणी देते, चहा ठेवते आणि मग विचारते, "मुक्कामाची सोय हाय का तितं?"

नवख्या माणसाला हे कळत नाही. गाय बघायला मुक्काम कशाला?

तर त्याचं असं आहे. विकणारा हुशार असला, तर सौद्याच्या दिवशी सकाळची धार चुकवतो. म्हणजे सकाळचं दूध काढतच नाही. ते कासेत साठतं, कास टम्म फुगते, आणि दुपारी गिऱ्हाईक आलं की त्याला वाटतं, दुधाची टाकीच चालत आली. संध्याकाळी त्याच्यासमोर धार काढली की चौदा लिटर. गिऱ्हाईक खूश होऊन गाय घरी नेतं, आणि दुसऱ्या दिवसापासून तीच गाय सात-आठ लिटरवर येऊन थांबते. म्हणून कुशाबाई संध्याकाळची धार बघते, गाय नजरेआड होऊ देत नाही, तिथंच मुक्काम करते आणि सकाळची धारही बघते. मग बोलते.

"पहिल्या धारंत मालक बोलतो," ती म्हणते, "दुसऱ्या धारंत गाय बोलती."

या कामाचे ती पैसे घेत नाही. नारळ घेते, आणि गाय व्याली की चिकाचा खरवस कुणी आणून दिला तर आवडीनं खाते.

तिची ही ख्याती पंचक्रोशीत पसरवली ती इंदापूरच्या दस्तगीरनं. दस्तगीर गायींचा व्यापारी. उत्कर्षा, म्हणजे कुशाबाईची मुलगी, पाळण्यात होती त्या वर्षी तो पांढऱ्या कपाळाची एक गाय घेऊन वस्तीवर आला होता. संध्याकाळी चौदा लिटर दूध निघालं. दस्तगीरनं सौद्यासाठी हात पुढं केला, तर ही नवी सून म्हणाली, "भाऊ, जेवून घ्या आन् हितंच ऱ्हावा. सकाळची धार बघू, मग बोलू."

"ताई, माझा शब्द हाय की."

"शब्द तुमचा हाय, पन दूध गायीचं हाय."

सकाळी सात लिटर निघालं. दस्तगीरनं वाद घातला नाही. चहा प्याला, स्वतःच्या हातानं गाय सोडली आणि जाताना एवढंच म्हणाला, "फुडच्या टायमाला खरी आणतो." आणि आणली. त्या गायीची नात आजही गोठ्यात तिसऱ्या खुंट्याला बांधलेली आहे. तेव्हापासून दस्तगीर स्वतःच गिऱ्हाइकांना सांगतो, "कुशाताईला दावून घ्या. ती पास म्हणली, तर मी पन पास."

गेल्या वर्षीच्या जुलैत मात्र कुशाबाईपुढं पारखायला वेगळंच जनावर आलं.

उत्कर्षा एकुलती एक. बारावी झाली, प्रवेश परीक्षा झाली, मार्क चांगले पडले. इलेक्ट्रॉनिक्स घ्यायचं, यावर घरात वाद नव्हता. दूध काढायच्या मशिनीची टिकटिक बिघडली की ही पोरगी नुसत्या आवाजावरून सांगायची की कुठं अडलंय, आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन तिथंच बसायची. वाद होता तो कुठं शिकायचं याचा.

एक होतं बारामतीच्या अंगाचं छोटं कॉलेज. जवळच्या जंक्शन गावावरून बसनं पाऊण तास. चार शाखा, एक इमारत, समोर कॅन्टीन, मागं उसाचं रान. दुसरं होतं पुण्यातलं मोठं विद्यापीठ. तिथं एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला विद्यापीठाचीच बस होती. ऑनलाइन फॉर्मात पसंतीचे नंबर टाकायचे होते, आणि मागच्या वर्षीची यादी बघता उत्कर्षाला दोन्हीकडं जागा मिळण्यासारखी होती. पण नियम असा, की पहिल्या नंबरावर टाकलेलं कॉलेज पहिल्याच फेरीत लागलं तर तेच पक्कं. मग मागं फिरता येत नाही. म्हणजे सगळा खेळ एका नंबराचा होता आणि फॉर्म भरायची मुदत होती महिन्याच्या तिसऱ्या बुधवारी संध्याकाळी पाचपर्यंत.

उत्कर्षानं वहीत रकाने पाडले. प्राध्यापक, प्रयोगशाळा, ग्रंथालय, होस्टेल, येण्याजाण्याचा वेळ, पुढची नोकरी. प्रत्येक रकान्याला दहापैकी गुण. बेरीज केली, तर एकाला बेचाळीस, दुसऱ्याला त्रेचाळीस. येण्याजाण्याला थोडं जास्त महत्त्व दिलं, की उलटं व्हायचं. चार दिवस ती खाडाखोड करत बसली.

तिचा बाप भीमा दूध संकलनाचा टेम्पो चालवतो. कॅन धुऊन पालथे घालता घालता तो म्हणाला, "आकड्यांनी ठरत आसतं, तर लोकांनी लग्नं पन कॅल्क्युलेटरवर जमवली आसती."

"मग तुमचं जमलंच नसतं," कुशाबाई आतून म्हणाली.

"बघ. घरात एवढी पारखी बाई हाय. समद्या गावाची जनावरं बघती, मग पोरीचं कॉलेज बघाया काय झालंय तिला?"

"मी काय कालवड हाय का, आप्पा?" उत्कर्षा म्हणाली.

"न्हाय. कालवड आयकती तरी."

चेष्टेत निघालेला विषय चेष्टेत राहिला नाही. दुसऱ्या दिवशी उत्कर्षानं वही मिटली आणि आईला म्हणाली, "तू चल. दोन्हीकडं चल. तुझ्या पद्धतीनं बघू."

कुशाबाईला मनातून बरं वाटलं. पण त्या बऱ्या वाटण्यात एक खडा होता, तो तिला त्याच संध्याकाळी टोचला. गोठ्यात मशीन चालू होती. एका गायीपाशी ती, दुसरीपाशी उत्कर्षा. मशिनीच्या आवाजावर आवाज चढवून पोरगी दिवसभराचं सगळं सांगत होती, कोण काय बोललं, मैत्रिणीचं कुणाशी बिनसलं, कॅपॅसिटर म्हणजे काय. कुशाबाईला अर्धं कळायचं, अर्धं नाही. पण दिवसातला हा तास तिचा होता. आणि तिच्या ध्यानात आलं की आपण कुणी न सांगता एक हिशेब करून बसलोय: छोटं कॉलेज चारला सुटतं, साडेचारची बस, सव्वापाचला जंक्शन, साडेपाचला घर. सहाच्या धारेला पोरगी गोठ्यात हजर.

पुण्याहून सहाच्या धारेला कुणी येत नाही.

छोट्या कॉलेजात पालक मेळावा होता. दारात रांगोळी, प्रत्येकाच्या हातात गुलाब, पेढा, थंड सरबत. प्राचार्यांनी भाषणात कुशाबाईसारख्या मातांचं कौतुक केलं. मग प्रयोगशाळा दाखवली. चाळीस कॉम्प्युटर, सगळे चालू, सगळ्यांवर कॉलेजचं चित्र.

"कसं वाटलं?" उत्कर्षानं बसमध्ये विचारलं.

"पेढा झ्याक हुता," कुशाबाई म्हणाली. "कास लई फुगलेली वाटली. दुसऱ्या धारंला बघू."

विद्यापीठातही माहितीचा दिवस होता, पण तिथं गुलाब नव्हता. फाटकावरच्या माणसानं मान न वळवता हात केला, त्या दिशेनं दोघी वीस मिनिटं चालल्या. सभागृहात सातआठशे पालक. पडद्यावर आकडे येत होते, जात होते. बाहेर आल्यावर कुशाबाईचा रस्ता चुकला, पाय दुखले, आणि कुणी पाणी विचारलं नाही हे तिनं दोनदा बोलून दाखवलं. उत्कर्षा मात्र ऐकत नव्हती. ती एका इमारतीच्या काचेला नाक लावून उभी होती. आत कुणीतरी टेबलभर तारा पसरून बसलं होतं.

कुशाबाईनं ते नाक बघितलं. भुकेलं वासरू गोठ्याच्या फटीतून असंच नाक काढतं. तिला ते आवडलं, आणि आवडलं नाही.

दुसरी धार मंगळवारी. छोट्या कॉलेजात न कळवता दोघी तीन वाजता जाऊन उभ्या राहिल्या. रांगोळी नव्हती, हे बरोबरच होतं. प्रयोगशाळेला कुलूप होतं आणि किल्लीवाला लखन चहाला गेला होता. तो आला, त्यानं कुलूप काढलं. कुशाबाईनं कॉम्प्युटर मोजले. बावीस भरले.

"मेळाव्याला चाळीस हुतं न्हवं?"

लखन भोळा माणूस. "बाकीचं संस्थेच्या दुसऱ्या कॉलेजातनं आणल्यालं, मावशी. त्या दिवसापुरतं."

कुशाबाई खो खो हसली. "म्हंजी सकाळची धार चुकवली व्हती म्हन की."

लखनला ते समजलं नाही. पण शेजारच्या खोलीतून एक तरुण मास्तर बाहेर आले. ऋषिराज सर, इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारे. त्यांनी सारवासारव केली नाही. उत्कर्षाला बाकावर बसवलं, तिच्यापुढं एक मेलेलं सर्किट आणि तारा तपासायचा मीटर ठेवला. "बघ, कुठं तुटलंय." उत्कर्षा चाळीस मिनिटं त्यात घुसली. तेवढ्यात चार मुलं येऊन गेली, आणि सरांनी चौघांना नावानं हाक मारली, एकाला त्याच्या आजीचं ऑपरेशन कसं झालं तेही विचारलं.

"इथं फार मोठं काही नाही, ताई," सर म्हणाले. "पण पोरगं अडलं, तर ते मला घरी फोन करतं. मी उचलतो."

येताना कुशाबाई म्हणाली, "आठ लिटरची गाय हाय. पन रोजची आठ. खोटं न्हाय." उत्कर्षालाही तसंच वाटत होतं. सर्किटातली तुटलेली जागा तिला सापडली होती, त्यामुळं ती खुशीत होती.

आता राहिली विद्यापीठाची दुसरी धार. दिवस कुशाबाईनं ठरवला. "शनवारी जाऊ. गुरवार-शुक्रवारी डॉक्टर यायचाय गायींना."

शनिवारी पहाटेच्या गाडीनं दोघी निघाल्या. विद्यापीठाचं फाटक उघडं होतं, झाडं होती, सावलीत कुत्री झोपली होती. इमारतींना कुलपं. इलेक्ट्रॉनिक्सच्या जिन्यात एक झाडूवाली बाई भेटली, ती म्हणाली, "आज कोन असतंय?" उत्कर्षानं दोनतीन दारं ढकलून बघितली. मग पायरीवर बसली. आणलेली भाकरी आणि शेंगांची चटणी दोघींनी तिथंच खाल्ली.

"एवढं मोठं, आणि माणूसच नाही," उत्कर्षा परतीच्या बसमध्ये म्हणाली.

"बघ की," कुशाबाई म्हणाली.

भिगवण येईपर्यंत उत्कर्षा खिडकीबाहेर बघत बसली. मग म्हणाली, "छोटंच बरं मग. पहिल्या नंबरला तेच टाकते."

कुशाबाईला जे हवं होतं ते मिळालं होतं. त्या रात्रीची भाकरी तिला गोड लागायला हवी होती. लागली नाही.

रविवारी सकाळी दस्तगीर आला. शेळगावात त्याला एक गाय दाखवायची होती, वाटेत चहाला थांबला. आता त्याची दाढी पांढरी झालीय, गुडघे धरतात, तरी माणूस बोलायला तसाच. उत्कर्षानं त्याला सगळी हकिकत सांगितली. कॉम्प्युटरची गोष्ट ऐकून तो मांडीवर थाप मारून हसला. "माझा धंदा शिकली की ही मास्तरं."

"आणि विद्यापीठात तर दुसऱ्या धारेला कुणीच नव्हतं, चाचा. सगळं बंद."

"बंद? कवा गेलता?"

"काल."

दस्तगीरनं बशी खाली ठेवली. बोटांवर काहीतरी मोजलं. मग कुशाबाईकडं बघितलं. "काल म्हंजी दुसरा शनवार."

कुशाबाई चुलीपाशी वाकली. चूल पेटलेलीच होती, तरी तिनं फुंकर घातली.

महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी बँक बंद असते, हे उत्कर्षाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. कुशाबाईला होतं. महिलांच्या बचत गटाची ती सात वर्षं अध्यक्ष. बँकेच्या सुट्ट्या तिला एकादशीसारख्या तोंडपाठ. बँक बंद म्हणजे पुण्याची मोठमोठी ऑफिसंही बहुधा बंद, हा अंदाज तिला होता. शनिवार म्हणताना तो अंदाज तिच्या मनात अगदी वर नव्हता. पण अगदी खालीही नव्हता.

दस्तगीरनं पोरीसमोर जास्त काही काढलं नाही. उठला, चपला घातल्या, गोठ्याकडं नजर टाकली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "कुशाताई, ती पांढऱ्या कपाळाची गाय आठवती का तुमाला?"

"आठवती."

"मला पन," तो म्हणाला आणि गेला.

संध्याकाळी मशीन लागली. एका गायीपाशी कुशाबाई, दुसरीपाशी उत्कर्षा. पोरगी कसलीतरी गंमत सांगत होती. कुशाबाईनं मशीनच बंद केली. गोठा एकदम शांत झाला, गायींनी माना वळवल्या.

"काय झालं?"

"मला ठावं व्हतं," कुशाबाई म्हणाली. "काल तितं बंद आसनार, ते. समदं न्हाय, पन म्हाईत व्हतं."

उत्कर्षाला कळायला थोडा वेळ लागला. मग तिचा चेहरा बदलला. तिनं आईला कधी खोटं बोलताना बघितलं नव्हतं. आई लोकांचं खोटं पकडणारी.

"का?"

"सहाच्या धारंला तू हितं आसावी म्हनून." कुशाबाईनं गायीच्या पाठीवरून हात फिरवला, पोरीकडं बघितलं नाही. "दस्तगीरभाईनं धार चुकवली, तर मी त्येची गाय माघारी लावली. मी चुकवली, तर मला कोन माघारी लावनार? म्हनून मीच सांगती."

उत्कर्षानं बादली उचलली, दूध गाळून कॅनमध्ये ओतलं, बादली विसळली. मग येऊन मशिनीचं बटण दाबलं. टिकटिक सुरू झाली.

"उद्या सोमवार," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग होता, पण तोंड आईकडं होतं. "उद्या सगळं उघडं असतं."

"मग उद्या जाऊ."

"सकाळची धार कोण काढणार? आपल्याला पाचची गाडी धरायला लागंल."

भीमानं गोठ्याच्या दाराशी लावलेल्या टेम्पोतून मुंडी बाहेर काढली. "मी काढतो की. मला काय गाय वळकत न्हाय का?"

गायीनं त्याला ओळखलं नाही, असं नंतर कळलं. तिसऱ्या खुंट्याच्या गायीनं लाथ मारून अर्धी बादली सांडली. पण तोवर मायलेकी भिगवणच्या पुढं गेल्या होत्या.

सोमवारी विद्यापीठ म्हणजे जत्रा होती. सायकली, गाड्या, पाठीला पिशव्या लावलेली पोरं. इलेक्ट्रॉनिक्सच्या जिन्यापाशी आल्यावर कुशाबाई शनिवारच्याच पायरीवर बसली. "तू जा. मी हितंच हाय."

"तू नाही येत?"

"माझा डोळा बिघडलाय. तुज्या डोळ्यानं बघ."

उत्कर्षा आत गेली. पायरीवरून कुशाबाईला लांबलचक वरांडा दिसत होता. पहिल्या दारातून पोरगी लगेच बाहेर आली, मान खाली घालून. दुसऱ्या दारात एका बाईंनी हातानंच नाही म्हटलं. कुशाबाईला वाटलं उठावं, त्या बाईला जाऊन दोन शब्द सुनवावेत. तिनं पदर मुठीत धरला आणि बसून राहिली. तिसऱ्या दारापाशी उत्कर्षा थांबली, वेणी मागं टाकली आणि आत गेली. ती बाहेर आली नाही.

तासभर गेला. कुशाबाईनं येणाऱ्याजाणाऱ्यांकडं बघून घेतलं. कुणी तिच्याशी बोललं नाही, पण कुणी उठवलंही नाही. दीड तासानं उत्कर्षा आली, सोबत चष्मा लावलेली एक मुलगी. "आई, ही अस्मा. तिसऱ्या वर्षाला आहे. निमगाव केतकीची."

"अगं, आपल्या हितलीच की."

"व्हय, मावशी," अस्मा हसली. ते 'व्हय' ऐकून कुशाबाईचे पाय दुखायचे थांबले. "हिला मी आत घेतलं न्हाय. हीच घुसली. आमच्या मशीनचा आवाज आयकून म्हणली, हिचा एक भाग उशिरा चालतोय. सर मागं उभे व्हते. मग त्यांनीच बसवलं."

"कसं हाय गं हितं? खरं सांग."

अस्मानं जरा विचार केला. "पहिलं वर्ष लई रडले, मावशी. हितं आपणहून कोण इचारत न्हाय. पन आपण मागितलं, तर न्हाय बी म्हणत न्हाईत. दोन दारं बंद आसली, तर तिसरं ढकलायचं."

उत्कर्षाच्या बोटाला चटका बसला होता. तारा जोडायचं गरम सोल्डर लागलं म्हणाली. परतीच्या सगळ्या वाटेवर ती ते बोट फुंकत होती आणि बोलत होती. भिगवण कधी गेलं ते दोघींनाही कळलं नाही.

बुधवारी दुपारी फॉर्म उघडून उत्कर्षा ओट्यावर बसली. भीमा टेम्पो लवकर लावून आला होता. दस्तगीरही कुठल्याशा कामाचं निमित्त काढून येऊन बसला.

"आई, तुझा निकाल काय? दोन धारा झाल्या."

कुशाबाईनं हात पुसले. "दोनी गायी खऱ्या हायत. थोडी फसवाफसवी लखनच्या लोकांनी केली, थोडी म्या केली. त्ये ऋषिराज सर लाखातला मानूस हाय. ज्या वासराला धरून कासंला लावावं लागतं, त्येला तसा मानूस पायजेच. पन तू सोमवारी दोन दारांतनं हाकलल्यावर तिसऱ्यात घुसलीस. म्या बघत व्हते." ती थांबली. "कासंला आपणहून जातंय त्या वासराला मी धरून ठिवलं, तर ती माझी चूक."

"परत वासरू," उत्कर्षा म्हणाली.

"कालवडीपरीस बरं की," भीमा म्हणाला.

उत्कर्षानं पहिल्या नंबरावर विद्यापीठ टाकलं, दुसऱ्यावर छोटं कॉलेज. बटण दाबायच्या आधी तिनं एकदा आईकडं बघितलं. कुशाबाई दस्तगीरच्या बशीत चहा ओतत होती. एक थेंब सांडला नाही.

पहिल्याच फेरीत विद्यापीठ लागलं. ऋषिराज सरांना उत्कर्षानं स्वतः फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "अडलीस तर फोन कर. कॉलेज कुठलंही असू दे." हे ऐकून कुशाबाईनं त्यांना शेरभर तूप पाठवलं, लखनच्या हाती.

प्रवेशाच्या दिवशी सगळी वरात गेली होती. होस्टेलची खोली झाडलेली, पलंगावर नवी चादर, वॉर्डनबाई गोड बोलत होत्या. कुशाबाईनं सगळं बघितलं आणि नुसती मान हलवली.

सप्टेंबरात गणपती गेल्यावर एका बुधवारी ती पहाटे उठली, धारा काढल्या आणि शर्ट काढून चांगली साडी नेसली.

"कुठं?" भीमानं विचारलं.

"पुण्याला."

"पोरीला कळवलंस का?"

"कळवून कोन दुसरी धार बघतं?"

अकरा वाजता ती त्या वरांड्यात होती. आता रस्ता चुकला नाही. तिसऱ्या दाराच्या काचेतून तिनं आत बघितलं. टेबलाभोवती चार पोरं, मधे उत्कर्षा, केसात पेन्सिल खोचलेली. ती एका उंच मुलाशी हमरीतुमरीवर आली होती. हातवारे करत काहीतरी पटवत होती. मुलानं मान हलवली, मग तार काढून दुसरीकडं लावली. टेबलावर एक बारका लाल दिवा लागला. उत्कर्षानं जिंकल्यासारखं काही केलं नाही, नुसती पुन्हा वाकली.

कुशाबाईनं दार वाजवलं नाही. ती जाऊन आपल्या पायरीवर बसली.

जेवणाच्या सुट्टीत उत्कर्षा बाहेर आली आणि थबकली. "आई? काय झालं? आप्पा बरे आहेत ना?"

"समदी बरी हायत. म्हनलं, जरा बघून यावं."

उत्कर्षा तिच्याकडं बघत राहिली. मग तिच्या डोक्यात उजेड पडला आणि ती शेजारी धपकन बसली. "मग, मुक्काम करणार का आता?"

"न्हाय गं बाई. सहाच्या धारंला पोचायचं हाय मला."

डबा उघडला. भाकरी, शेंगांची चटणी, तिसऱ्या खुंट्याच्या गायीचं दही. पोरगी खात होती आणि बोलत होती, खोलीतल्या मैत्रिणीचं, मेसच्या आमटीचं, त्या उंच मुलाला काहीच कसं कळत नाही त्याचं. कुशाबाईला अर्धं कळत होतं, अर्धं नाही. मशिनीचा आवाज नव्हता, म्हणून या वेळी ऐकू मात्र सगळं येत होतं.

दोनच्या गाडीत तिला खिडकीची जागा मिळाली. भिगवण ओलांडल्यावर तिनं भीमाला फोन लावला.

"कुट्टी टाकून ठेवा. अन् तिसरीच्या जवळ जाऊ नगा, मी आल्यावर बघते."

"पोरगी कशी हाय?"

"रोजच्यासारखी हाय," कुशाबाई म्हणाली आणि डोक्यावरचा पदर सारखा करून खिडकीला टेकली.